राबाची राख

एप्रिल-मेमध्ये ठाणे, पालघर, रायगडच्या डोंगरपट्ट्यात गेलात तर भातखाचरांच्या कडेला काळे चौकोन दिसतात. तो राब. रोपं जिथे वाढवायची तेवढ्याच तुकड्यावर, म्हणजे शेताच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर, शेण, छाटलेल्या फांद्या, पातेरा, गवत असे थर रचायचे, वरून माती पसरायची आणि पेटवायचं. आग धावली तर फुकट. ती सावकाश रांगली पाहिजे, खालची माती भाजली पाहिजे.

या आगीवरून एकोणिसाव्या शतकात मोठं भांडण झालं. 1878च्या जंगल कायद्याने डोंगर राखीव झाले आणि ज्या फांद्यांवर राब चाले, त्यांना हात लावणं गुन्हा ठरू लागलं. जंगल खात्याचं म्हणणं असं की दरवर्षी छाटल्याने ऐनासारखी झाडं खुरटतात. ते खोटं नव्हतं. शेतकऱ्याचं म्हणणं, राब नाही तर रोप नाही. तेही खोटं नव्हतं. ठाणे-कुलाब्यातल्या तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारने 1885मध्ये चौकशीसाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल 1887मध्ये आला.

त्याच सुमारास, 1883मध्ये, जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. त्यांचा रोख राबावर नाही, पण मुद्दा शेजारचाच आहे. डोंगरावरचा पालापाचोळा, किडेमुंग्या, जनावरांची विष्ठा हे सगळं पावसाच्या पाण्याबरोबर खाली वाहत यायचं आणि शेतांना आपोआप खत मिळायचं. सरकारने जंगल खातं काढून डोंगर ताब्यात घेतले आणि गरिबांची गुरंसुद्धा तिथे शिरेनाशी झाली. आज ज्याला आपण पोषणद्रव्यांचं चक्र म्हणतो, ते फुल्यांनी एका तक्रारीत मांडलंय. जंगल आणि शेत यांच्यामध्ये नकाशावर रेघ मारली, तरी माती ती रेघ मानत नाही, हे त्यांना दिसत होतं.

1889च्या अखेरीस जॉन ऑगस्टस व्होल्कर हा इंग्लंडमधला शेती-रसायनतज्ज्ञ सरकारच्या बोलावण्यावरून हिंदुस्थानात आला. 1893च्या त्याच्या अहवालात राबाचा विचार आहे आणि त्याने ही प्रथा अडाणीपणा म्हणून उडवून लावली नाही. पुढे 1912मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर यांच्याबरोबर राबावर स्वतंत्र शोधनिबंधच काढला. म्हणजे आयोगाच्या अहवालानंतर तब्बल 25 वर्षांनी.

कोडं होतं ते असं. पाला जाळला की त्यातलं नत्र बहुतेक धुरात जातं. राखेत उरतं पालाश, चुना, थोडं स्फुरद. मग राबातली रोपं एवढी हिरवीगार कशी? उत्तर राखेपेक्षा उष्णतेत जास्त आहे. माती तापली की तिच्यातले पुष्कळ सूक्ष्मजीव मरतात, त्यांच्या शरीरात अडकलेलं नत्र अमोनियाच्या रूपात मोकळं होतं आणि कोवळ्या मुळांना आयतं मिळतं. तणाचं बीही जळतं. झाडाने महिनोन्महिने साठवलेलं ऊन शेतकरी तास-दोन तासांत खर्च करतो, तेही फक्त तेवढ्या तुकड्यावर, जिथे रोपांचे पहिले काही आठवडे जायचे असतात. सगळं शेत भाजणं ना त्याला परवडलं असतं, ना जंगलाला.

तरी हिशेब जंगलाच्या नावावरच लागतो. राब काही नवं निर्माण करत नाही, डोंगरावरचं खाचरात आणतो. माणसं थोडी आणि झाडं पुष्कळ होती तोवर फांद्या परत फुटत. राखीव रेघ आली तेव्हा उरलेल्या झाडांवरच सगळा भार पडला आणि मग तीच खुरटलेली झाडं शेतकऱ्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवली गेली.

कोकणात अलीकडे चालणारी चारसूत्री पद्धत राबाशिवाय भात लावते. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची आणि खाचरात गिरिपुष्पाचा पाला गाडायचा. गिरिपुष्प बांधावरच लावायचं, म्हणजे पाल्यासाठी डोंगर चढायला नको. जव्हार-मोखाड्याकडे मात्र मे महिन्यात अजूनही धूर दिसतो.