भाडेपावती : एक उपेक्षित साधन

ताम्रपट व सनदा यांच्या शोधांत मग्न असलेल्या संशोधकांचें लक्ष एका क्षुद्र वाटणाऱ्या कागदाकडे वेधावें, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे. हा कागद म्हणजे भाडेपावती.

परक्याच्या भूमीवर घर बांधून, स्तोम म्हणजे भाडें देऊन, जो राहतो त्यानें जातांना तृण, काष्ठ व विटा न्याव्या, असें नारदस्मृति सांगते. भाडें न देतां राहणाऱ्यास तो अधिकार ती देत नाहीं. भाडेकऱ्याचा हक्क भाडें दिल्यावर अवलंबून असतो, हें तत्त्व अशा प्रकारें प्राचीन आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें प्रमाणभाडें देणाऱ्यास, कायद्यांत नमूद कारणांवांचून, घराबाहेर काढण्यास मनाई केली व मालकानें पावती देणें सक्तीचें केलें. ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या महाराष्ट्राच्या कायद्यानें या दोन्ही गोष्टी कायम ठेविल्या.

या संरक्षणास एक दोष मात्र जडला. जुन्या घरांचें भाडें सप्टेंबर १९४० च्या आंकड्यावर गोठलें. कालांतरानें ही तरतूद अवाजवी झाली, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं म्हटलें. तुटपुंज्या भाड्यांत दुरुस्ति होईना, आणि हक्क जाईल या भयानें भाडेकरी मोडकें घर सोडीना. जुनीं घरें कोणता प्रसंग आणितात हें २०१५ सालीं दिसलें : २८ जुलै रोजीं ठाकुर्लीस व ४ ऑगस्ट रोजीं ठाण्यास नौपाड्यांत इमारती कोसळून अनुक्रमें ९ व १२ माणसें दगावलीं.

वस्तुतः घराबरोबर हक्कहि पडतो, ही समजूत खरी नव्हे. महाराष्ट्रांतील एका वादांत, इमारत पाडली गेली तरी भाडेपट्टा संपत नाहीं, कारण तो भूमीसहि लागू असतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला. परंतु भिंतीच उरल्या नाहींत, तर येथें कोण राहत होता हें कशावरून सिद्ध करावें? तेव्हां पावतीसारखा पुरावा दुसरा क्वचितच सांपडतो.

मालकाचें नांव, खोली, महिना व रक्कम इतका मजकूर त्या चिठोऱ्यावर असतो. शहराचा इतिहास लिहिणाऱ्यास तो कांहीं थोडा नव्हे. ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील वाडे व चाळी पाडल्या जात असतां हे गठ्ठे रद्दींत जातात. संग्राहकांनीं ते अवश्य पाहावे. पण नक्कल मात्र घ्यावी व मूळ कागद भाडेकऱ्याच्या हातीं परत द्यावा. आपणांस जें साधन, तें त्याचें छप्पर आहे.