महामारीत व्हिसा संपला, विमानं बंद. खेड्यात राहणाऱ्या परदेशी माणसानं काय करायचं?

भारतातली नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा २३ मार्च २०२० ला थांबली आणि पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. मधल्या काळात खास विमानं सुटत होती, पण ती सगळ्यांच्या उपयोगाची नव्हती. अशा वेळी इथं राहणाऱ्या परदेशी नागरिकाचा व्हिसा संपला तर? पुण्या-मुंबईत विचारायला चार ओळखीचे तरी असतात. पण समजा, भोर तालुक्यातल्या उत्रोलीत एखादी परदेशी सून नांदतेय, किंवा कुणी अभ्यासासाठी खोली घेऊन राहिलाय. त्यांनी काय करायचं?

पहिली गोष्ट, सरकारनं सवलत दिली असं नुसतं ऐकून गप्प बसायचं नाही. सवलत कुणाला आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे वाचायचं. कोरोनाच्या काळात मार्च २०२० च्या आधी आलेल्या आणि इथंच अडकलेल्या परदेशी नागरिकांचे व्हिसा केंद्र सरकारनं टप्प्याटप्प्यानं वाढवले. शेवटची मुदत होती ३० सप्टेंबर २०२१. वाढ आपोआप मिळत होती, दंडही नव्हता. मात्र देश सोडण्याआधी 'ई-एफआरआरओ' या सरकारी पोर्टलवरून बाहेर जाण्याची परवानगी घ्यायची होती. आणि मार्च २०२० नंतर आलेल्यांना ही सवलत लागूच नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डमध्ये नेमका हाच भाग गळतो. थायलंडनंही अशीच आपोआप मुदतवाढ दिली होती, ती २६ सप्टेंबर २०२० पर्यंत.

दुसरी गोष्ट पत्त्याची. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना साधारणपणे आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. पत्ता बदलला तर तेही कळवायचं. इथं घरमालकही सुटत नाही. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते, याला अनेक वर्षं 'सी फॉर्म' म्हटलं जातंय. हे फक्त हॉटेलवाल्यांचं काम, हा खेड्यातला सर्वात मोठा गैरसमज. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या जुन्या कायद्याऐवजी नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झालाय, त्यातही ही जबाबदारी आहेच. उत्रोली पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतं, त्यामुळे अर्जात पत्ता भरताना पुणे शहर आणि पुणे ग्रामीण यांची गल्लत करू नये. शिवाय गावच्या पोलीस पाटलांना आपण कोण, कुठं राहतो हे आधीच माहीत असलेलं बरं. साथीत नवख्या चेहऱ्याकडे गाव संशयानं बघतं.

भोर अगदी जिल्ह्याच्या कडेला आहे. नीरा ओलांडून शिरवळला गेलं की सातारा जिल्हा, वरंध घाट उतरून महाडला गेलं की रायगड. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. सप्टेंबर २०२० मध्ये ती अट गेली, एप्रिल २०२१ मध्ये परत आली. म्हणून नेहमीची औषधं महिनाभराची घरात ठेवावीत आणि दूतावासाचं काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

लसीचं बघा. लसीकरण जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालं, पण परदेशी पासपोर्टवर कोविनवर नोंदणी करायची मुभा ९ ऑगस्ट २०२१ ला मिळाली. आधारकार्ड असलेल्यांचं सोपं झालं असतं. बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी रहिवाशालाही आधार काढता येतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. दवाखान्याच्या खर्चाची तजवीज मात्र स्वतःच्या विम्यातून करावी. रेशनकार्डासारख्या कागदांवर पात्रता ठरणाऱ्या सरकारी योजनांच्या भरवशावर राहू नये.

आणि ओसीआय कार्ड? ते असलेल्याला इथं हवं तितकं राहता येतं, परदेशी नागरिक म्हणून नोंदणीही लागत नाही. पण मार्च २०२० मध्ये बाहेर असलेल्या ओसीआयधारकांनाही भारताचं दार बंद झालं. घरात मृत्यू झाला अशांसारख्या मोजक्यांना २२ मे पासून येऊ दिलं गेलं. इथं आधीपासून असलेल्यांना राहू दिलं. उत्रोलीतल्या त्या सुनेला हे कार्ड मिळू शकतं. लग्नाची नोंदणी झालेली हवी आणि अर्जाआधी लग्न सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. तोपर्यंत व्हिसाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायची.