पाण्यात हरवणारा लाल रंग : समुद्राखालच्या छायाचित्रणाचा इतिहास

अंदमानातील स्वराज द्वीप असो, कर्नाटकातील नेत्राणी असो, की मालवणजवळची तारकर्ली. भाड्याचा कॅमेरा घेऊन पहिल्यांदाच समुद्राखाली उतरणाऱ्या हौशी पाणबुड्याच्या पदरी बहुधा एकच निराशा येते. पाण्याखाली असताना त्याला रंगीबेरंगी मासे आणि प्रवाळ दिसलेले असतात. वर आल्यावर छायाचित्रे पाहावीत, तर सारे काही निळ्या-हिरव्या छटेत बुडालेले. लाल मासा करडा, नारिंगी स्पंज मातकट, आणि माणसाचा चेहरा आजारी असावा तसा फिकट. कॅमेरा बिघडलेला असेल, असे प्रथम वाटते. वस्तुतः कॅमेऱ्याने जे होते तेच टिपलेले असते. माणसाचा मेंदू भोवतालच्या निळाईशी जुळवून घेऊन रंग काही प्रमाणात सावरून घेतो. कॅमेऱ्याला तसे सांगावे लागते.

या लाल रंगाचे काय होते, तो परत कसा आणायचा, आणि परत आणलेल्या रंगावर विश्वास कितपत ठेवायचा, या तीन प्रश्नांभोवती पाण्याखालच्या छायाचित्रणाचा सुमारे १७० वर्षांचा इतिहास फिरतो. आज प्रवाळांच्या रंगावरून त्यांच्या प्रकृतीचा अंदाज बांधला जात असताना यांतील तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा झाला आहे.

पाणी रंगाशी काय करते?

पाण्याच्या रेणूतील हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यामधील बंध सतत कंप पावत असतात. या कंपनांचे मुख्य शोषण अवरक्त पट्ट्यात होते. परंतु त्याच्या दुर्बळ उपपट्ट्या दृश्य प्रकाशाच्या लाल टोकापर्यंत पोहोचतात. त्यामुळे पाणी लाल प्रकाश शोषते आणि निळा जवळजवळ सोडून देते. हे शोषण घातांकी नियमाने होते. शुद्ध पाण्यात ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश ५ मीटर अंतर कापल्यावर सुमारे १८ टक्के उरतो आणि १० मीटरनंतर जेमतेम ३ टक्के. ६०० नॅनोमीटरचा नारिंगी प्रकाश १० मीटरनंतर सुमारे ११ टक्के शिल्लक असतो. याउलट ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्याच १० मीटरनंतरही ९० टक्क्यांहून अधिक उरतो. प्रत्यक्ष समुद्रात वनस्पती-प्लवक आणि गाळ यांची भर पडते. म्हणून किनाऱ्याजवळचे पाणी हिरवट दिसते.

येथे एक गोष्ट नवशिक्याच्या ध्यानात सहसा येत नाही. मोजायची असते ती नुसती खोली नव्हे, तर प्रकाशाने कापलेली एकूण वाट. १० मीटर खोलीवर असलेला मासा कॅमेऱ्यापासून २ मीटर दूर असेल, तर सूर्यप्रकाशाने निदान १२ मीटर पाणी ओलांडलेले असते.

समुद्राच्या निळाईचा प्रश्न भारतीय विज्ञानाच्या इतिहासात एका वेगळ्या कारणाने ठळक आहे. खोल समुद्राचा निळा रंग म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते. १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी ‘नारकुंडा’ या बोटीवरून भूमध्य समुद्राचे निरीक्षण केले. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश विशिष्ट कोनात ध्रुवीकृत असतो. निकोल लोलकाने तो अडवता येतो. रामन यांनी तो अडवला, तेव्हा निळाई नाहीशी न होता अधिकच गडद झाली. निळा रंग आकाशातून उसना आलेला नसून पाण्याच्या आतूनच येतो, हे उघड झाले. बोट मुंबई बंदरात असताना २६ सप्टेंबर १९२१ ही तारीख घालून त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकासाठी पत्र लिहिले. पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या प्रकीर्णनावर त्यांचा भर होता. लाल प्रकाशाचे शोषणही तितकेच निर्णायक असते, ही आजची समजूत. रेणू आणि प्रकाश यांच्या याच अभ्यासातून पुढे २८ फेब्रुवारी १९२८ चा ‘रामन परिणाम’ हाती आला. नवशिक्याच्या निळ्या छायाचित्रामागे असे हे मोठे भौतिकशास्त्र उभे आहे.

काठीला बांधलेली पेटी

रामन यांच्या प्रवासापूर्वी कितीतरी वर्षे छायाचित्रकार पाण्यात शिरले होते. १८५६ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, वेमथ येथे, विल्यम थॉम्पसन यांनी काचेची खिडकी असलेल्या पेटीत कॅमेरा बंद करून तो होडीतून सुमारे ५ मीटर खाली सोडला. झडप दोरीने उघडण्याची सोय होती. पेटीत पाणी शिरले. तरीही काचपट्टीवर समुद्रतळाची अंधूक प्रतिमा उमटली. थॉम्पसन स्वतः मात्र पाण्यात उतरले नव्हते.

पाणबुड्याच्या वेषात उतरून पद्धतशीर छायाचित्रण करण्याचा मान फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ यांच्याकडे जातो. बान्युल्स-सुर-मेर येथील सागरी प्रयोगशाळेत १८९३ पासून त्यांनी हे काम केले. भाऊ ऑग्युस्त यांच्या मदतीने त्यांनी जलरोधक कॅमेरा तयार करवून घेतला. उपलब्ध काचपट्ट्या इतक्या मंद होत्या, की एका छायाचित्रासाठी अर्ध्या तासापर्यंत कॅमेरा उघडा ठेवावा लागे. तेवढ्या वेळात मासा स्थिर राहणार कसा? म्हणून बुताँ यांनी पाण्याखाली कृत्रिम प्रकाश नेला. प्राणवायूने भरलेले मोठे पिंप, त्यावर काचेच्या घुमटाखाली स्पिरिटचा दिवा, आणि रबरी फुग्याने ज्योतीवर फुंकायची मॅग्नेशियमची पूड, असे ते अवजड साधन होते. पुढे त्यांनी विजेचे दिवेही वापरले. १८९९ मध्ये रुमानियाचे जीवशास्त्रज्ञ एमिल राकोवित्सा यांचे त्यांनी पाण्याखाली घेतलेले छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे. १९०० मध्ये बुताँ यांनी या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

ही सारी छायाचित्रे कृष्णधवल होती. रंगाचा प्रश्न प्रथम सोडवला तो अमेरिकेत. मत्स्यशास्त्रज्ञ विल्यम लाँगली आणि ‘नॅशनल जिओग्राफिक’चे छायाचित्रकार चार्ल्स मार्टिन यांनी १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी ऑटोक्रोम काचपट्ट्या वापरून माशांची रंगीत छायाचित्रे टिपली. ती जानेवारी १९२७ च्या अंकात छापली गेली. ऑटोक्रोमला भरपूर प्रकाश लागे. त्यासाठी तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड ठेवून तिचा स्फोट घडवला जाई, आणि खाली त्याच क्षणी कॅमेऱ्याची झडप उघडे. उथळ पाण्यातील एका माशाच्या रंगासाठी एवढा जोखमीचा खटाटोप करावा लागत होता.

जवळ जाण्याची विद्या

१९४३ मध्ये जॅक-ईव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्याँ यांनी ‘अ‍ॅक्वालंग’ सिद्ध केले आणि पाणबुड्या होडीला जोडलेल्या नळीतून मुक्त झाला. छायाचित्रणाच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा होता: आता वस्तूच्या अगदी जवळ जाता येत होते. त्याच सुमारास अमेरिकेतील ‘एमआयटी’चे हॅरल्ड एजर्टन यांचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश पुढे आला होता. १९५० च्या दशकात एजर्टन यांनी कुस्तो यांच्याबरोबर समुद्रात काम केले.

पाण्याखालचा फ्लॅश म्हणजे केवळ अंधारातला उजेड नव्हे. तो लाल प्रकाश सोबत नेण्याचा मार्ग आहे. मात्र त्यालाही तोच घातांकी नियम लागू पडतो. वस्तू १ मीटरवर असेल तर फ्लॅशचा प्रकाश जाऊन-येऊन २ मीटर पाणी कापतो आणि ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश साधारण निम्मा उरतो. वस्तू ३ मीटरवर गेली, की वाट ६ मीटर होते आणि लाल प्रकाश १३ टक्क्यांवर येतो. शिवाय मधल्या पाण्यातील कण फ्लॅशने उजळून चित्रभर पांढरे ठिपके पाडतात. म्हणून फ्लॅश भिंगापासून दूर, बाजूला धरण्याची रीत पडली. ‘जवळ जा, आणि मग आणखी जवळ जा’ असे आजचे प्रशिक्षक सांगतात, ते या हिशेबामुळेच.

बेल्जियन अभियंता जाँ द वूटर्स यांनी कुस्तो यांच्या वर्तुळासाठी ‘कॅलिप्सो’ हा कॅमेरा घडवला. त्याला वेगळी पेटी लागत नसे. रबरी कड्यांनी तो स्वतःच जलरोधक होता. १९६३ मध्ये निकॉन कंपनीने तो ‘निकोनॉस’ या नावाने बाजारात आणला, आणि पुढची सुमारे चार दशके पाण्याखालच्या छायाचित्रणावर या नावाचा ठसा राहिला. त्याच्या बहुतेक प्रकारांत भिंगातून पाहण्याची सोय नसल्याने अंतर नजरेने अजमावावे लागे. त्यातही पाणी फसवते. अपवर्तनामुळे सपाट काचेतून पाण्यातली वस्तू तिच्या खऱ्या अंतराच्या तीन-चतुर्थांश अंतरावर भासते. फिल्मवर ३६ चित्रे मावत, आणि चूक झाली की नाही हे फिल्म धुतल्यावरच कळे.

भारतात या काळात समुद्राखाली कॅमेरा नेला तो मुख्यतः संशोधनाने. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पथकाने पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८३ पासून द्वारकेच्या समुद्रात शोध घेतला. तेथे घडीव दगड आणि दगडी नांगर आढळले. पुरातत्त्वात वस्तू जितकी महत्त्वाची, तितकीच तिची जागा. त्यामुळे वस्तू हलवण्यापूर्वी तिचे स्थान नोंदवणारे रेखाटन आणि छायाचित्र हा पुरावाच ठरतो. २००१ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पाण्याखालील शाखा सुरू झाली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्या पथकाने द्वारकेत पुन्हा बुडी मारली.

भाड्याचा कॅमेरा आणि प्रवाळांचा रंग

डिजिटल कॅमेऱ्याने दोन गोष्टी बदलल्या. चित्र पाण्यातच पाहता येऊ लागले, आणि व्हाइट बॅलन्स त्याच खोलीवर पांढरी पाटी दाखवून ठरवता येऊ लागला. बुताँ यांना ज्यासाठी प्रयोगशाळा लागली, ते साधन आज बुडीच्या शुल्काबरोबर भाड्याने मिळते. पण व्हाइट बॅलन्स नवा प्रकाश निर्माण करत नाही. उरलेला प्रकाश तो फक्त वाढवून दाखवतो. जेथे लाल प्रकाश ३ टक्केच उरला आहे, तेथे तो तीसपट वाढवला तर त्याबरोबर संवेदकाचा गोंगाटही तीसपट वाढतो. २०१९ मध्ये डेरया अक्कायनाक आणि ताली ट्रायबिट्झ यांनी मांडलेल्या ‘सी-थ्रू’ या गणनपद्धतीने आणखी एक बाब दाखवून दिली. वस्तूकडून येणारा प्रकाश ज्या दराने क्षीण होतो आणि मधल्या पाण्याचा धूसर पडदा ज्या दराने दाट होतो, ते दर वेगवेगळे असतात. प्रत्येक बिंदूचे अंतर ठाऊक असेल तरच रंग नीट परत मिळवता येतो. नुसता लाल रंग वाढवणारे मोबाइलमधील फिल्टर अंतर जाणत नाहीत. ते अंदाज करतात.

हौसेच्या चित्रात अंदाज चालतो. प्रवाळांच्या बाबतीत तो महागात पडू शकतो. प्रवाळाच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले त्याला अन्न आणि बराचसा रंग देतात. पाणी दीर्घकाळ तापले, की प्रवाळ ही शैवाले गमावतो आणि पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींना १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये याचा तडाखा बसला. एप्रिल २०२४ मध्ये चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा झाली, आणि त्याच उन्हाळ्यात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने लक्षद्वीपमध्ये तीव्र विरंजन नोंदवले. पांढरेपणाचे इतके महत्त्व असताना, जवळून पडलेल्या प्रखर फ्लॅशमुळे निरोगी प्रवाळही फिका दिसू शकतो. उलट फिल्टरने चढवलेला उबदार रंग विरंजित प्रवाळाला निरोगी भासवू शकतो.

यावरचा उपाय आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ‘कोरलवॉच’ उपक्रमाने २००२ पासून एक रंगपट्टी प्रसारात आणली. प्रवाळाच्या छटा फिक्यापासून गडदापर्यंत सहा पायऱ्यांत तिच्यावर छापलेल्या असतात. पाणबुड्या ती प्रवाळाशेजारी धरतो आणि जुळणारी पायरी नोंदवतो. पट्टी आणि प्रवाळ यांच्यावर पडणारा प्रकाश एकाच वाटेने आलेला असल्याने पाण्याने केलेला बदल दोघांनाही सारखाच लागू होतो. चित्रात अशी पट्टी आली, की भाड्याच्या कॅमेऱ्याने घेतलेले छायाचित्रही तुलनेला उपयोगी पडते.

मात्र त्यासाठी कॅमेऱ्याआधी शरीरावर ताबा हवा. पाण्यात वर-खाली न होता तरंगत राहणे जमत नसेल, तर चित्राच्या नादात पायातला पंख प्रवाळावर आपटतो. भित्ती बांधणारे प्रवाळ भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना हात लावणे, त्यांच्यावर टेकणे वर्ज्य. म्हणून पहिल्या काही बुड्या कॅमेऱ्याविना कराव्यात, असा सल्ला जाणकार देतात. नंतर कॅमेरा घेताना पेटीच्या रबरी कड्यावर केस वा वाळूचा कण नाही ना, हे पाहावे. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि तेवढ्या फटीतून पाणी आत येते. थॉम्पसन यांच्या पेटीचे नेमके तेच झाले होते.

आणि वर आल्यावर प्रत्येक चित्रासोबत चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: खोली, वस्तूचे अंतर, प्रकाश सूर्याचा होता की फ्लॅशचा, आणि रंगात नंतर केलेला बदल. मूळ, न सुधारलेली फाइलही जपावी. पुढच्या उन्हाळ्यात त्याच प्रवाळापाशी दुसरा कोणी पाणबुडा उतरेल, तेव्हा त्याला तुलनेसाठी याच नोंदी लागतील.