हरवलेला रंग
भारतीय दूरचित्रवाणीस १९८२ सालीं रंग लाभला, तो वाल्टर ब्रुख यांनीं १९६३ सालीं जर्मनींत दाखविलेल्या ‘पाल’ पद्धतीनें. त्या पद्धतींत रंगाचा संदेश ४.४३ मेगाहर्ट्‌झच्या उपवाहक लहरीवर आरूढ असतो. अमेरिकेच्या ‘एनटीएससी’ पद्धतींत ती लहर ३.५८ची. भंडारा जिल्ह्यांत जपलेल्या लग्नसमारंभांच्या वा झाडीपट्टीच्या नाटकांच्या जुन्या चित्रफिती संगणकांत उतरवितांना चित्र कृष्णधवल उमटलें, तर फीत निकामी समजून टाकूं नये. तीच फीत दूरचित्रवाणी संचावर रंगीत दिसत असेल, तर दोष फितीचा नव्हे. संगणकाचें ग्रहणयंत्र ‘एनटीएससी’वर असल्यास त्यास रंगाची लहर सांपडतच नाहीं; संमिश्र संदेश एस-व्हिडिओच्या मार्गानें घेतला तरी केवळ छायाप्रकाश येतो. पद्धत आणि मार्ग जुळले, कीं वधूच्या शालूचा हिरवा रंग पुन्हा उजळतो.