शरांचा खेळ आणि पैजेचा हिशेब

भिंतीवरील वाटोळ्या तबकडीवर हातानें लहान शर फेकण्याचा ‘डार्ट्स’ हा खेळ इंग्लंडांतील मद्यगृहांत वाढला. १९७८ सालीं नॉटिंगहॅम येथें त्याची पहिली व्यावसायिक जागतिक स्पर्धा झाली व वेल्सचा लेटन रीस तींत विजयी झाला. तत्पूर्वींच, १९६० च्या कायद्यान्वयें, १९६१ च्या मे महिन्यांत तेथें पैजेचीं दुकानें उघडलीं होतीं.

तबकडीवर २० च्या दोन्ही अंगांस १ व ५ हे आंकडे आहेत. नेम किंचित् ढळला कीं शिक्षा सर्वांस दिसते. पैजेच्या भावांतील शिक्षा मात्र झांकलेली असते. दोन खेळाडू समबल असले, तरी दुकानदार दोघांवरहि, उदाहरणार्थ, सहास पांच असा भाव देतो. सहा पौंड लावून जिंकणारास मुद्दल परत मिळून वर पांचच लाभतात. दोन गृहस्थांनीं दोन बाजूंस सहा-सहा पौंड लावले, तर बारा जमतात व अकरा परत जातात. कोणीहि जिंको, एक दुकानांतच राहतो.

सरावानें खेळाडूचा हात सुधारतो. रोज पैज लावणाराच्या घरांतून मात्र तो एक पौंड पुन्हा पुन्हा जात राहतो.