नळाच्या पाइपातून आवाज येतोय? आधी नीट कान देऊन ऐका

एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावांत पाणी सुटलं की नळ आधी फुर्र फुर्र करतो, गचके देतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रिकाम्या लाइनमधली हवा बाहेर पडत असते. तोटी थोडी उघडी ठेवावी, आपोआप थांबतं.

तोटी झटकन बंद केल्यावर भिंतीत ‘ठक्क’ होतं, ते वेगळं. धावतं पाणी एकदम अडलं की पाइपाला दणका बसतो. क्लॅम्प निसटलेले असतील तर पाइप भिंतीवर आपटतोही. क्लॅम्प आवळून घ्यावेत, तोटी हळू फिरवावी. रोजच्या दणक्याने सांधे सैल होतात. टाकी भरत आल्यावरची घरघर बहुधा बॉलकॉकची असते.

खरी काळजी बारीक ‘सूंऽऽ’ आवाजाची. पाणी चालू असताना घरातल्या सगळ्या तोट्या आणि टाकीचा कॉकही बंद करा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाइपाला आणि मूठ कानाला लावा. तरीही सूं ऐकू आलं, तर कुठंतरी गळती आहे. मीटर असेल तर तोही फिरताना दिसेल.

पाइप गटाराजवळून गेला असेल तर हे अंगावर काढू नये. पाणी बंद झालं की लाइनमधला दाब उतरतो आणि त्याच फटीतून गटाराचं पाणी आत शिरू शकतं. नळाला थेट मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते, आणि शेजारच्यांच्या घरातही तेच पाणी जातं. पुढच्या पाळीला पहिलं पाणी गढूळ किंवा वास येणारं असेल तर ते भरू नका. ग्रामपंचायतीच्या पाणी सोडणाऱ्याला जागा दाखवा आणि दुरुस्ती होईपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच घ्या.