शनिवार संध्याकाळचा रंगीत कागद

इंग्लंडमधल्या शेफील्ड, बर्मिंगहॅम, संडरलंड अशा कामगारांच्या शहरांत शतकभराहून अधिक काळ फुटबॉलच्या हंगामात दर शनिवारी संध्याकाळी एक वेगळेच वृत्तपत्र निघत असे. दुपारी तीनला सुरू झालेला सामना पावणेपाचच्या आत संपे आणि लोक घरी पोहोचून चहा घेतात न घेतात, तोच त्याचा वृत्तान्त गुलाबी किंवा हिरव्या कागदावर छापून कोपऱ्यावरच्या दुकानात आलेला असे. या कागदाची कुळकथा गिरणीच्या भोंग्यापाशी सुरू होते. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या स्त्रियांचे आणि अल्पवयीन मुलांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबवणे बंधनकारक केले. त्यांच्यावाचून गिरणी चालेना, म्हणून पुरुषांनाही सुटी मिळू लागली. पुढच्या दोन-तीन दशकांत ही अर्धी सुटी इतर धंद्यांतही पसरली आणि हजारो लोकांच्या हाती एकाच वेळी एक मोकळी दुपार आली. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला, तोही नारायण मेघाजी लोखंडे यांनी कित्येक वर्षे लढा दिल्यावर. लोखंडे स्वतः ‘दीनबंधु’चे संपादक होते. कामगाराची सुटी आणि कामगाराचे वृत्तपत्र यांचे नाते दोन्हीकडे किती जवळचे होते, हे यावरून दिसते.

मोकळी दुपार मिळाली, तिच्यात फुटबॉल आला आणि फुटबॉलपाठोपाठ बातमीची भूक. १८७५ मध्ये मँचेस्टरला ‘अ‍ॅथलेटिक न्यूज’ हे साप्ताहिक निघाले. खेळाला वाहिलेल्या पत्रकारितेचा पाया घालणाऱ्यांत त्याचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. पण त्याचे संपादक जे. जे. बेंटली फुटबॉल लीगचेही अध्यक्ष होते, एवढा त्या काळी त्याचा दबदबा होता. मात्र साप्ताहिक वाचायचे म्हणजे थांबणे आले, आणि शनिवारच्या निकालासाठी थांबायला कोणी तयार नव्हते. ही नड ओळखून त्याच दिवशी संध्याकाळी निघणाऱ्या पत्रांचा मूळ पुरुष म्हणून सहसा १८८२ च्या बर्मिंगहॅममधल्या ‘सॅटरडे नाइट’कडे बोट दाखवले जाते. दोनच वर्षांनी बोल्टन या गिरणगावात टिलॉटसन यांच्या छापखान्यातून ‘फुटबॉल फील्ड’ निघू लागले. १८७० मध्ये तारयंत्रणा टपाल खात्याकडे आली होती आणि वृत्तपत्रांना सवलतीच्या दरात तारा करता येत होत्या, म्हणूनच हे शक्य झाले. जिथे तार सोयीची नव्हती तिथे बातमीदार टोपलीतून कबुतरे घेऊन मैदानावर जात. पातळ कागदावर गोल लिहायचा, तो पायाला बांधायचा आणि कबुतर सोडून द्यायचे. मग १८८८ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाच्या विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने बारा संघांची फुटबॉल लीग स्थापन झाली. आता दर शनिवारी कोण कुठे खेळणार हे आधीच ठरलेले असे, आणि छापखान्यालाही आपले वेळापत्रक त्याच्याशी जुळवता आले.

यानंतरचा काळ या पत्रांच्या बहराचा. बर्मिंगहॅमचे ‘स्पोर्ट्‌स आर्गस’ १८९७ मध्ये सुरू झाले, शेफील्डचे ‘ग्रीन अन’ १९०७ मध्ये. नेहमीच्या सांध्य आवृत्तीपेक्षा हा अंक निराळा आहे हे लांबून कळावे, म्हणून रंगीत कागद वापरला जाई. बर्मिंगहॅम आणि नॉर्विच गुलाबी, शेफील्ड आणि इप्स्विच हिरवे, अशी गावागणिक ओळख पडली. या अंकाची घडणच मोठी विलक्षण होती. बातमीदार सामना पाहता पाहता वृत्तान्त सांगत जाई, आधी चिठ्ठ्यांवर लिहून आणि पुढच्या काळात फोनवरून. कार्यालयात तो उतरवून घेतला जाई आणि तुकड्यातुकड्याने जुळाऱ्यांच्या हाती पडे. पहिल्या अर्ध्या तासातला प्रत्येक कॉर्नर, प्रत्येक हुकलेला फटका त्यात सविस्तर येई. उत्तरार्ध मात्र उरलेल्या जागेत कसाबसा बसवलेला, आणि अखेरचा निकाल शेवटच्या क्षणी मथळ्यात. त्यामुळे दोन रकाने यजमान संघाचे कौतुक वाचावे आणि वर मथळा मात्र पराभवाचा, असे अनेकदा घडे. मला तो या पत्रांचा दोष वाटत नाही. सामना जसा घडला त्याच क्रमाने, शेवट ठाऊक नसताना लिहिलेला वृत्तान्त वाचकाला पुन्हा त्या नव्वद मिनिटांत नेऊन उभा करतो. निकाल हाती आल्यावर सावकाश रचलेल्या लेखाला ते साधत नाही.

आपण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात येतो, तेव्हा शनिवारचा हा रिवाज पुरता रुजलेला दिसतो. १९४८-४९ च्या हंगामात लीगच्या सामन्यांना ४ कोटी १२ लाखांहून अधिक प्रेक्षक आले. गळ्यात संघाच्या रंगाचा मफलर, हातात लाकडी खुळखुळा, मध्यंतरात बोव्हरिल हे मांसाच्या अर्काचे गरमागरम पेय. इतर मैदानांवरचे मध्यंतराचे गुण फलकावर ए, बी, सी अशा अक्षरांपुढे लावले जात आणि कोणते अक्षर म्हणजे कोणता सामना हे कार्यक्रमपत्रिकेत छापलेले असे. पत्रिका न घेणाऱ्याला शेजाऱ्याच्या खांद्यावरून डोकावल्याशिवाय गत्यंतर नसे. १९२३ मध्ये लिव्हरपूलला ‘लिटलवुड्‌स’ने सामन्यांच्या निकालांवरील पैजांचा पूल सुरू केल्यापासून या निकालांकडे खेळाशी एरवी संबंध नसलेल्या घरांचेही डोळे लागले होते. ३ जानेवारी १९४८ रोजी बीबीसीचा ‘स्पोर्ट्‌स रिपोर्ट’ हा कार्यक्रम सुरू झाला. निकाल आता रेडिओवर आधी कळू लागले, तरी रंगीत अंकाचा खप टिकून राहिला. कानांनी ऐकलेले डोळ्यांनी पाहून पक्के करायला लोक दुकानाबाहेर थांबतच होते.

म्हणूनच या पत्रांच्या मरणाचे खापर केवळ नव्या यंत्रांवर फोडणे मला पटत नाही. रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली, १९७४ मध्ये पडद्यावर निकाल दाखवणारे ‘सीफॅक्स’ आले; रंगीत कागद या साऱ्यांना पुरून उरला. खरा घाव वेळापत्रकावर बसला. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि उपग्रह वाहिनीच्या सोयीसाठी मोठे सामने रविवारी, सोमवारी रात्री, शनिवारी भरदुपारी असे विखुरले. गावाचा संघ शनिवारी खेळलाच नाही, तर संध्याकाळच्या अंकाने पहिल्या पानावर छापायचे काय? पुढे मोबाइल हातोहाती आला. पण तोवर पाया खिळखिळा झालेला होता. ‘स्पोर्ट्‌स आर्गस’चा शेवटचा अंक २००६ मध्ये निघाला. शेफील्डचा हिरवा कागद आणि संडरलंडचा ‘फुटबॉल एको’ २०१३ मध्ये थांबले.

आज इंग्लंडमधल्या खालच्या श्रेण्यांतले बहुतेक सामने शनिवारी तीनलाच सुरू होतात. दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलचे सामने थेट दाखवायचे नाहीत, हा साठच्या दशकापासूनचा दंडकही तिथे पाळला जात आला आहे. मोठ्या संघांचे गोल तर आता क्षणात जगभर दिसतात, त्यांचे काही अडलेले नाही. अडले ते या अंकांच्या आतल्या पानांचे. तिथे बारीक टायपात कारखान्यांचे, चर्चचे, शाळांचे संघ असत. पोलाद कारखान्यात आठवडाभर भट्टीपुढे राबणाऱ्या माणसाने शनिवारी गावाच्या मैदानावर गोल केला, तर संध्याकाळी त्याचे आडनाव छापून येई. राष्ट्रीय दैनिकांनी ती नावे कधीच छापली नाहीत. आज इंग्लंडमध्ये आपल्या आजोबांच्या खेळाचा शोध घेणारी नातवंडे गावच्या ग्रंथालयात याच पत्रांच्या बांधीव संचिका आणि सूक्ष्मपट मागवतात, कारण तो सामना दुसरीकडे कुठे नोंदलेला असण्याची आशा जवळपास नसतेच.